माशिकोची मातीच्या भांड्यांची जत्रा आणि चाकावर बसलेल्या कुंभारांशी गप्पा

निशिगंध

तोक्योच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात माशिको म्हणून एक छोटं गाव आहे. तिथे वर्षातून दोनदा मातीच्या भांड्यांची जत्रा भरते, एकदा मेच्या सुरुवातीला गोल्डन वीकच्या सुट्टीत आणि एकदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. १९६६ पासून भरतेय. गावातली नेहमीची दुकानं तर असतातच पण मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गल्लीबोळात, मोकळ्या जागांवर शेकड्यांनी तंबू लागतात आणि बहुतेक तंबूंत ज्याने भांडी केली तोच माणूस विकायला बसलेला असतो. इथे भांड्यांवर बरेच धागे आलेत म्हणून वाटलं की मी जे बघितलं ते सविस्तर लिहावं, खरेदीबद्दल कमी आणि डेमोबद्दल जास्त.

एका जुन्या भट्टीच्या अंगणात एक आजोबा हातचाकावर डेमो देत होते. हातचाक म्हणजे जमिनीलगत बसवलेलं जड लाकडी चाक, वरच्या बाजूला कडेजवळ एक खाच, त्यात दांडकं घालून गरगर फिरवायचं, दांडकं बाजूला ठेवायचं आणि चाकाचा वेग उतरायच्या आत काम उरकायचं. मी बघतच राहिले, कारण हे तर आपल्या कुंभाराचं चाक! विजेची चाकं तिथे सगळ्यांकडे आहेत, आजोबांच्याही कार्यशाळेत आहेत, पण ते म्हणाले की चहाचे पेले ते अजून ह्यावरच करतात, कारण वेग सतत एकसारखा नसतो, उतरत जातो आणि काठाशी येईपर्यंत चाक आपोआप मंद झालेलं असतं, काठाला मंदच वेग लागतो. विजेच्या चाकावर हे पायाने सांभाळावं लागतं, इथे चाकच सांभाळतं असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी एकेका पेल्यासाठी वेगळा गोळा घेतला नाही. सात-आठ किलोचा मोठा ढीग चाकावर शंकूसारखा चढवला, फक्त वरचा मूठभर भाग मध्यावर आणला, अंगठा घातला, भिंत वर खेचली, दोऱ्याने कापला, फळीवर ठेवला, की लगेच खालच्या मातीतून पुढचा. मिनिटाच्या आत एक पेला. मधेमधे बांबूच्या बारीक काड्यांचं एक माप आत सोडून बघायचे, उभी काडी खोली दाखवते आणि आडवी काडी तोंडाची रुंदी. त्याला ते तोम्बो म्हणतात, म्हणजे चतुर, आणि दिसतंही अगदी तसंच. मी विचारलं की हे माप शेजारी ठेवलेल्या तयार पेल्यापेक्षा मोठं कसं काय, तर म्हणाले माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते, त्यामुळे ओला पेला तेवढा मोठाच करायला लागतो.

मला सगळ्यात आवडलं ते हे की हात चालू असताना ते बोलत होते. नुसतं बघितलं असतं तर 'काय सफाई आहे' म्हणून मी पुढच्या तंबूकडे गेले असते. पण एका बाईंनी विचारलं की माती कुठली, तर त्यावर पंधरा-वीस मिनिटं गेली. माशिकोची माती जाडसर, वाळू असलेली, फार चिवट नाही, त्यामुळे पातळ नाजूक भांडी तिच्यातून निघत नाहीत, निघाली तरी खचतात. म्हणून इथली भांडी जाड आणि जड. ते म्हणाले की लोक ह्याला माशिकोची शैली म्हणतात, पण ती आधी मातीची मर्यादा होती आणि इथल्या लोकांनी तिच्याशी जमवून घेतलं. हे एका वाक्यात कळतं पण हातात पेला घेऊन ऐकलं की पटतं.

संध्याकाळी एका मांडवात चार कुंभार गप्पांना बसले होते, दोन म्हातारे, दोन तरुण, त्यातली एक मुलगी ओसाकाहून येऊन इथे स्थायिक झालेली. लाकडाची भट्टी की गॅसची ह्यावर बराच वाद झाला. ११ मार्च २०११ च्या भूकंपात माशिकोतल्या चढत्या भट्ट्या, म्हणजे उतारावर एकामागे एक खोल्या असलेल्या लाकडाच्या भट्ट्या, बऱ्याच कोसळल्या, काही परत बांधल्या, काही नाही. म्हातारे म्हणत होते की लाकडाच्या भट्टीत दिवसरात्र आलटून पालटून बसायला माणसं लागतात, ती आता मिळत नाहीत. मुलीचं म्हणणं की गॅसवर काम करणाऱ्याला कमी लेखू नका, तिला जे रंग हवेत ते गॅसवरच मिळतात. कोणी कोणाला गप्प केलं नाही, आवाजही चढले नाहीत, पण मुद्दा कोणी सोडलाही नाही!

मला सारखं वाटत होतं की आपल्याकडच्या कुंभाराला असं लोकांसमोर बसवून कोणी इतकं विचारतं का? तुमचे अनुभव लिहा, कुठेही डेमो बघितला असेल तर.

कोकणकडा

मस्त लिहिलंय. भाषेचं काय केलंस? आणि विकत काय घेतलंस ते पण लिही की.

मृण्मयी_पुणे

निशिगंध, वाचताना हात शिवशिवले. मी पुण्यात स्टुडिओ पॉटरी शिकले आणि आता थोडंफार शिकवते, त्यामुळे ढिगावरून पेले काढण्याबद्दल लिहिते. ही पद्धत दिसायला सोपी आहे पण त्यात एक खोच आहे. एकेकटा गोळा चाकावर दाबून बसवला की तळाची माती आपोआप दाबली जाते. ढिगावर तसं होत नाही, खाली मऊ मातीच असते, त्यामुळे तळ ढिला राहतो आणि वाळताना मधोमध इंग्रजी एस सारखी तडा जाते. तुझे आजोबा अंगठा घातल्यावर तळ बोटाने दोन-तीनदा दाबत होते का? दाबत असणारच, बघणाऱ्याला ते कळत नाही इतकं पटकन होतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच आधी सांगते, भिंत नंतर, तळ आधी.

आणि ही पद्धत फक्त जपानची नाही. आपला कुंभार पणत्या, बोळकी, सुगडं असंच काढतो, मोठा लोंदा चाकावर आणि वरून एकेक कापत जायचं. संक्रांतीच्या आधी कुठल्याही कुंभारवाड्यात जाऊन बघा.

चाकाच्या दिशेचं पण सांग, घड्याळाच्या दिशेने फिरत होतं ना? जपानात बहुतेक तसंच असतं, युरोप-अमेरिकेत उलटं. आम्हाला उलटं शिकवलंय कारण आपल्याकडची स्टुडिओ पॉटरी बरीचशी तिकडच्या वळणाने आली. तरी जपानचा धागा आहेच. दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग शंभर वर्षांपूर्वी जपानला जाऊन शिकले, तिथे त्यांची जपानी कुंभार हामादा शोजी आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचशी ओळख झाली आणि मग त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली. पाँडिचेरीला १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, त्यातल्या डेबोरा जपानात शिकून आलेल्या. आज भारतात स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली घट्ट भांडी, करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथे शिकलेत नाहीतर तिथे शिकलेल्यांकडे शिकलेत.

ग्लेझबद्दल, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाबद्दल, कोणी बोललं का तिथे? तो भाग राहिला तुझा.

निशिगंध

कोकणकडा, कामापुरतं जपानी येतं, अडलं तिथे ऑफिसमधली मैत्रीण होती बरोबर. घेतला एक पेला आणि एक खोलगट ताटली, दोन्ही आजोबांकडूनच.

मृण्मयी, हो, घड्याळाच्या दिशेनेच. आणि तळ दाबत होते हे तू लिहिल्यावर मी व्हिडिओ परत लावून बघितला, खरंच, प्रत्येक पेल्याला दाबतात, डावीकडून उजवीकडे आणि परत.

ग्लेझचा डेमो दुसऱ्या ठिकाणी बघितला. माशिकोची जुनी ग्लेझं मोजकीच आहेत आणि सगळी आसपासच्या वस्तूंतून आलेली. काकी म्हणजे तांबूस तपकिरी, पिकलेल्या काकी फळाच्या रंगाचं, ते तिथल्याच आशिनुमा नावाच्या दगडाची पूड करून बनतं. नुका म्हणजे दुधट पांढरं, ते भाताच्या तुसाच्या राखेतून. तुसात सिलिका भरपूर असते, तीच भाजल्यावर दुधी काच होऊन बसते. हे ऐकल्यावर मला आमच्या रत्नागिरीकडच्या भातगिरण्यांमागचे तुसाचे ढीग आठवले, कोणी ह्याचं ग्लेझ करून बघितलं असेल का आपल्याकडे?

तिथल्या बाईंनी आधी भाजलेल्या ताटल्यांवर काकी चढवून ठेवलं होतं, त्यावर ब्रशने वितळलेल्या मेणाने दोन-तीन फटकारे मारले आणि मग पूर्ण ताटली काळ्या ग्लेझमध्ये बुडवली. मेणावर काळं चढत नाही, मेण भट्टीत जळून जातं आणि काळ्यात काकीचे फटकारे राहतात. एक फटकारा जाड झाला तर त्यांनी तो पुसला नाही. एकाने विचारलं, तर म्हणाल्या पुसलं की डाग राहतो, फटकारा जाड असला तरी फटकाराच राहतो.

नंतर त्यांनी पळीने ओतायचं दाखवलं. मोठं ताट एका हातावर तिरकं धरायचं आणि पळीतलं ग्लेझ एका दमात ताटावरून आडवं फेकायचं. हामादा शोजी हे करायचे. त्यांना कोणीतरी विचारलं होतं म्हणे की इतक्या मोठ्या ताटाला पंधरा सेकंदच कशी काय, तर ते म्हणाले की पंधरा सेकंद अधिक साठ वर्षं. हे पुस्तकांत येतं, पण त्या बाईंनी ओतल्यानंतर सांगितलं आणि मग कोणालाच पुढचा प्रश्न सुचेना.

आवा

मी कुंभाराच्या घरातला आहे, गाव साताऱ्याकडचं, नोकरी पुण्यात. धागा वाचला, चांगला आहे, पण काही गोष्टी लिहायला पाहिजेत असं वाटलं.

आजोबा चाक फिरवायचे ते दांडक्यानेच. निशिगंधताई तुम्ही चाकाचा वेग उतरायचं जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, आजोबा म्हणायचे चाक थकत आलं की तोंड करायचं. पण आमच्याकडे चाकावर मडकं पूर्ण होत नाही हे कितीजणांना माहित असतं? चाकावर जाड भिंतीचं बुटकं भांडं होतं, ते थोडं सुकवायचं, मग आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने थापटत थापटत भिंत पातळ करत फुगवायची, बूड गोल करायचं. खरा माठ थापटण्यात होतो. ते काम बरंच आजी करायची. चाकाला बायकांनी हात लावायचा नाही अशी रीत होती, माती तुडवणं, लीद चाळणं, थापटणं, आवा म्हणजे भांडी भाजायचा ढीग रचणं हे सगळं बायकांच्या हातचं, नाव मात्र चाकवाल्याचं. गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चं मडकं ओळखलं ती, पण थापटणं हातात घेऊन कोणी बघितलेलं नसतं.

माती तळ्यातल्या गाळाची. त्यात घोड्याची नाहीतर गाढवाची लीद आणि राख. लीद जळून जाते आणि बारीक बारीक पोकळ्या राहतात, त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि माठ गार होतो. तुमचं स्टोनवेअर बाराशे डिग्रीच्या वर भाजतात, त्यातून पाणी पाझरत नाही, आमचा आवा सातशे-आठशेला जातो आणि तेवढाच जायला पाहिजे, जास्त भाजला तर माठ गार करणार नाही. काही प्रदर्शनांमध्ये लोक आमच्या कामाला 'कमी भाजलेलं' म्हणतात तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं. ते कमी नाही, ते त्या कामाचं माप आहे.

आव्याला भट्टी नसते. जमिनीवर गोवऱ्या, पाचट, त्यावर भांडी, परत गोवऱ्या, वरून खापऱ्या आणि राख. संध्याकाळी पेटवायचा, रात्रभर जागायचं. वारा फिरला की एका बाजूची भांडी काळी पडतात नाहीतर फुटतात. मीटर नाही काही नाही, धुराच्या रंगावरून आजी सांगायची.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, कोणी विचारत नाही. पूर्वी बलुतं होतं, कुंभार बारा बलुतेदारांतला, वर्षाचं धान्य मिळायचं आणि गावाला वर्षाची मडकी. ते गेलं, अॅल्युमिनियम आलं, स्टील आलं, फ्रीज आला. वडिलांनी चाक ठेवलं पण पोट गणपतीवर भरलं.

ब्रिस्टलकर

इकडे इंग्लंडात कॉर्नवॉलला सेंट आइव्हजमध्ये लीच पॉटरी आहे ती बघितलीय. १९२० मध्ये लीच आणि हामादा जपानहून एकत्र येऊन त्यांनी ती सुरू केली आणि तिथे जपानी पद्धतीची चढती भट्टी बांधली, पाश्चात्य जगातली पहिली असं म्हणतात. जुनी भट्टी अजून बघायला मिळते. तिथेही डेमो असतात. पण एक फरक जाणवला, तिथे काच किंवा दोरी असते, बघणारे इकडे आणि कुंभार तिकडे, प्रश्न शेवटी. निशिगंध म्हणतेय तसं काम चालू असताना बोलणं इथे कमी बघितलं.

आवा, तुमची पोस्ट फार महत्त्वाची आहे. लिहीत राहा.

कोकणकडा

पेल्याची किंमत विचारली तर चालेल का? आणि एक शंका, तो पेला महाग असतो तो कुंभाराच्या नावामुळे की कामामुळे?

निशिगंध

किंमत दोन-तीन हजार येन, म्हणजे आपले हजार-दीड हजार. नाव असलेल्या कुंभाराचा ह्याच्या कितीतरी पट. आणि तुझी शंका तिथल्या गप्पांमध्ये पण निघाली, म्हणून जरा लांब लिहिते.

माशिको हे काही कलेचं गाव नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे एदोसाठी, म्हणजे आताच्या तोक्योसाठी, स्वयंपाकघरातली भांडी व्हायची, पाण्याचे रांजण, खलबत्त्यासारखी कुंडी, चहाच्या किटल्या. किटल्यांवर डोंगर-नदीचं चित्र काढणाऱ्या मिनागावा मासु नावाच्या बाई होत्या, जन्म १८७४ चा, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत रोज शेकड्यांनी किटल्या रंगवायच्या, नगावर पैसे. हामादा १९२४ च्या सुमाराला तिथे राहायला आले ते असल्याच रोजच्या, बिननावाच्या भांड्यांसाठी. यानागी सोएत्सु, हामादा आणि कावाई कानजिरो ह्यांच्या मिंगेई, म्हणजे लोककलेच्या, चळवळीचा विचारच हा होता की निनावी कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेली वस्तू सुंदर असते. हामादा माशिकोतल्या भांड्यांवर सही करत नसत. पण १९५५ मध्ये सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला आणि माशिकोचं नाव जगभर झालं, मग नावावर विकणं सुरू झालं. मांडवातले एक म्हातारे म्हणाले की हामादांनी सही केली नाही, आम्हाला करावी लागते, नाहीतर तोक्योची दुकानं माल घेत नाहीत.

मला वाटतं ह्यात आपल्यासाठी विचार करण्यासारखं आहे. आवा ह्यांच्या आजींचं नाव कुठे आलं नाही आणि त्या निनावीपणाचं कौतुक करणारा यानागीही आपल्याला मिळाला नाही. निनावी कारागीर थोर वाटायला आधी कोणीतरी त्याच्या अंगणात जाऊन बसावं लागतं.

ह्याच्या उलट एक उदाहरण. जपानातल्याच योकोकावा नावाच्या रेल्वे स्टेशनवर १९५८ पासून 'तोगे नो कामामेशी' नावाचा भात मिळतो, तो माशिकोच्या मातीच्या छोट्या हंडीत देतात. भांडं घरी न्यायचं. त्या हंडीवर कोणा कुंभाराची सही नाही, तरी त्या एका डब्याने माशिकोच्या कितीतरी कार्यशाळा वर्षानुवर्षं चालल्या. आपल्याकडे २००४ मध्ये लालूप्रसाद रेल्वेमंत्री असताना स्टेशनांवर कुल्हड आणले होते, ते टिकले असते तर काय झालं असतं असं मनात आलं.

मृण्मयी_पुणे

कुल्हडचं दुखणं पुरवठ्यात आहे, प्रत्येक स्टेशनला रोज हजारो एकसारखे कुल्हड लागतात आणि ते आव्यात भाजून देणं अवघड. संघटित काम लागतं. भद्रावतीला, चंद्रपूर जिल्ह्यात, कृष्णमूर्ती मिरमिरांनी ग्रामोदय संघ उभा केला तो ह्याच विचाराने, की कुंभाराला चांगली माती, भट्टी, प्रशिक्षण एका जागी मिळावं. विदर्भात कोणी असाल तर जरूर जाऊन या.

माझी एक सूचना आहे. पुण्यात स्टुडिओवाल्यांची विक्री-प्रदर्शनं होतात, तिथे विजेच्या चाकावरचा डेमो असतोच. त्यात थापटण्याचा डेमो का नसावा? जपानात कारात्सुला भांडी अशीच आतून ठोकळा धरून बाहेरून थापटतात, ते बघायला आपण व्हिडिओ शोधतो. आवा, तुमच्या घरचं कोणी येईल का? मी आयोजकांशी बोलते.

आवा

मृण्मयीताई, विचारलंत ते बरं वाटलं. वडील येतील, आत्या येईल, आत्याचा हात आजीसारखाच आहे. पण काही गोष्टी आधी ठरवायला लागतील.

एक म्हणजे रोजचं मानधन आधी ठरलं पाहिजे. वडिलांना पूर्वी एका कार्यक्रमात बोलावलं होतं, फेटा बांधून चाकावर बसवलं, लहान मुलांनी माती हातात घेऊन फोटो काढले, दिवस संपला आणि हातात नारळ. आता ते अशा ठिकाणी जात नाहीत. दुसरं म्हणजे एका दिवसात थापटायचं काम दाखवता येत नाही, चाकावरचं भांडं आदल्या दिवशी करून सावलीत अर्धवट सुकवायला लागतं, कडक झालं तर थापटताना तडकतं आणि ओलं राहिलं तर बसतं. म्हणजे आदल्या दिवशी जागा, पाणी आणि सावली हवी. तिसरं म्हणजे आत्याला स्टेजवर बसवू नका, जमिनीवर बसू द्या आणि लोकांना पण जमिनीवर बसवा, मग ती बोलेल. माईक दिला की ती गप्प होते.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी 'हे काम मरतंय, वाईट वाटतं का' हा प्रश्न विचारू नये एवढं बघा. माती, लीद, थापटणं, आवा, वारा, ह्याबद्दल विचारा, दोन तास बोलेल.

खादी ग्रामोद्योगच्या योजनेत कुंभारांना विजेची चाकं मिळाली आहेत, काकांकडे आहे तसं. चांगलंच आहे, खांदे दुखत नाहीत. पण चाकापेक्षा मोठी अडचण मातीची आहे, तळ्यातला गाळ उचलायला परवानगी लागते आणि आवा पेटवला की नवीन सोसायट्यांमधून धुराची तक्रार येते. प्रदर्शनात हे पण बोलता आलं पाहिजे.

निशिगंध

आवा, तुमच्या तिन्ही अटी अगदी योग्य आहेत. माशिकोत पण लोक अंगणात चटईवर बसले होते. मी सुट्टीवर येणार आहे तेव्हा हे झालं तर व्हिडिओ आणि आत्यांचं बोलणं लिहून काढायचं काम माझ्याकडे द्या.

अनघा_ठाणे

उशिरा आले धाग्यावर, पण व्यवहारातलं विचारते. लेक तोक्योत आहे, नोव्हेंबरला आम्ही जातोय. माशिकोला कसं जायचं? आणि आणलेल्या भांड्यात आंबट वरण, कढी चालते का?

निशिगंध

अनघाताई, तोक्योत अकिहाबाराहून थेट बस असते, कासामा-माशिकोची, अडीच तासांच्या आसपास. जत्रेत गर्दी असते म्हणून जागेची आधी चौकशी करून ठेवा. ट्रेनने ओयामा, मग शिमोदाते आणि तिथून मोका रेल्वे, वेळ जास्त पण रस्ता सुंदर. सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर कुंभार गिऱ्हाइकांत अडकतात आणि बोलायला वेळ मिळत नाही. हामादांचं जुनं घर आता सान्कोकान नावाचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका.

कढी-वरण चालतं, स्टोनवेअरच्या नेहमीच्या ग्लेझला आंबटाने काही होत नाही, तरी घेताना कुंभारालाच विचारा, काही सजावटीची भांडी खाण्यासाठी नसतात. आणि नवीन भांडं वापरण्याआधी तांदळाच्या धुवणात मंद आचेवर अर्धा तास उकळा, त्यातच गार होऊ द्या, म्हणजे बारीक छिद्रं भरतात आणि डाग पडत नाहीत. बुडाला ग्लेझ नसतं, ते खरखरीत असतं, टेबलावर ओरखडे येतात, तेवढं बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या.

आवा

अनघाताई, आमच्याकडे पण मातीच्या नव्या भांड्यात आधी पेज उकळतात.

मृण्मयीताई, आत्याशी बोललो. दिवाळीच्या आधी पणत्यांचं काम असतं, तेव्हा जमणार नाही. संक्रांतीची सुगडं डिसेंबरमध्ये सुरू होतात. फेब्रुवारीत माठांचं काम लागतं, तेव्हा हातात थापटणं असतंच, तो महिना धरा. आदल्या दिवशी दुपारी पोचतो, भांडी आम्ही तिथेच करू. आयोजकांचं काय ठरतं ते इथेच लिहा.